पोटातली पलटण: जंतू, जेवण आणि कर्करोगाचा उपचार



दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरीदाबाद या पट्ट्यात मराठी माणसं पुष्कळ आहेत. कोणी केंद्र सरकारच्या नोकरीत, कोणी कंपन्यांत, कोणी माझ्यासारखे फौजेतून निवृत्त होऊन इथेच राहिलेले. यातल्या एखाद्या घरात कर्करोग शिरला की फोन सुरू होतात. एम्सची तारीख कशी मिळेल, झज्जरच्या नव्या केंद्रात जावं का, की सरळ मुंबईला टाटामध्ये न्यावं? अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "इम्युनोथेरपी देणार आहेत. पोटातले जंतू चांगले असले तरच ते औषध लागू पडतं म्हणतात. मग खायला काय द्यायचं? प्रोबायोटिकच्या गोळ्या आणायच्या का?"

मी डॉक्टर नाही. उपचार सांगणं माझं काम नाही आणि या मालिकेचंही नाही. पण या प्रश्नाला सव्वाशे वर्षांहून जास्त इतिहास आहे. तो पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शोध खरा असतो, पण बाजार त्याच्या पुढे धावतो. लाखो रुपयांचं औषध चालू असताना आणि हातात वेळ थोडा असताना हा फरक ओळखता येणं फार मोलाचं असतं.

सुरुवात करू १८८२ सालापासून. सिसिलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकोव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहत होता. त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर काट्याभोवती पेशींनी घेराव घातलेला. परक्यावर चालून जाणाऱ्या पेशी शरीरात असतात, हे त्यातून त्याने मांडलं. त्यासाठी १९०८ चं नोबेल पारितोषिक त्याला पॉल एर्लिखबरोबर मिळालं.

या मेचनिकोव्हचं आपल्या मुंबईशी नातं आहे. ओडेसात त्याच्या हाताखाली शिकलेला वाल्देमार हाफकिन १८९६ साली प्लेगने हैराण झालेल्या मुंबईत आला. जानेवारी १८९७ मध्ये त्याने आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था ती त्याचीच. तिच्या शेजारीच १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. रोगप्रतिकाराचं शास्त्र आणि कर्करोगाचा उपचार हे परळला असे फार पूर्वीपासून शेजारी आहेत.

नोबेलच्या आधीच मेचनिकोव्ह एका दुसऱ्या विषयाकडे वळला होता. मोठ्या आतड्यातले जंतू सडण्याची क्रिया करतात, त्यातून विषं तयार होतात आणि माणूस लवकर म्हातारा होतो, असं त्याचं म्हणणं होतं. बल्गेरियातले खेडूत आंबट दही खातात आणि दीर्घायुषी असतात, याचा त्याने आधार घेतला. १९०४ साली पॅरिसमध्ये त्याने यावर व्याख्यान दिलं आणि युरोपात दह्याची लाट उसळली. औषधांच्या दुकानांत आंबट दुधाच्या जंतूंच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या. लंडनला आर्बथनॉट लेन हा नामांकित शल्यचिकित्सक होता. त्याने तर बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडी कापून काढायला सुरुवात केली. एका अर्धवट कल्पनेपायी धडधाकट अवयव काढले गेले. मेचनिकोव्ह स्वतः १९१६ साली, एकाहत्तराव्या वर्षी वारला. आतड्यातल्या जंतूंचा आरोग्याशी संबंध आहे, हा त्याचा मुद्दा पुढे खरा ठरला. दही खाऊन म्हातारपण टळतं, हा मात्र ठरला नाही.

जंतू आणि कर्करोग यांचा संबंध त्याच काळात दुसऱ्या वाटेने पुढे आला. न्यूयॉर्कचा तरुण सर्जन विल्यम कोली याला रुग्णालयाच्या जुन्या नोंदींत एक विलक्षण रोगी सापडला. त्याच्या मानेवरची गाठ शस्त्रक्रियेने हटत नव्हती, पण त्याला धावरे म्हणजे त्वचेचा जबर जंतुसंसर्ग झाला आणि त्या तापात गाठ विरघळून गेली. कोलीने १८९१ पासून मुद्दाम असे जंतू टोचून पाहिले. पुढे मेलेल्या जंतूंचं मिश्रण वापरलं. काही रोगी आश्चर्यकारक रीतीने बरे झाले, काही तापाने दगावले, आणि कोण बरा होईल हे आधी सांगता येईना. दरम्यान क्ष-किरणांचे उपचार आले. ते मोजूनमापून देता येत. कोलीची पद्धत मागे पडली.

पण तिचा धागा तुटला नाही. १९२१ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा दिलेली क्षयाची बीसीजी लस आपल्याला दंडावरच्या व्रणामुळे ठाऊक आहे. १९७६ साली कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी हेच बीसीजी मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगात थेट मूत्राशयात सोडून पाहिलं. अवघे नऊ रोगी होते. गाठी पुन्हा येण्याचं प्रमाण घटलं. आज हा जगभरचा रूढ उपचार आहे. जिवंत जंतू मूत्राशयाच्या अस्तरावर बसतात, शरीराच्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि त्या धुमश्चक्रीत कर्करोगाच्या पेशीही मारल्या जातात.

दिल्लीनेही या वाटेवर काम केलं आहे. जेएनयूच्या परिसराला लागून राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्था आहे. तिचे संस्थापक संचालक डॉ. गुरसरन प्राण तलवार यांनी कुष्ठरोगावरच्या लसीसाठी एक निरुपद्रवी जंतू निवडला. त्याचं नाव पुढे 'मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्राणी' असं ठेवलं गेलं. त्यात 'इंडिकस' म्हणजे भारतीय, आणि 'प्राणी'मध्ये तलवारांचं 'प्राण' आणि संस्थेच्या इंग्रजी नावाची अक्षरं. मारलेल्या अवस्थेतला हाच जंतू फुप्फुसाच्या कर्करोगात किमोथेरपीच्या जोडीला वापरून पाहिला गेला. चाचणीत सर्व रोग्यांचा एकत्र हिशेब केला तेव्हा आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालं नाही. एका विशिष्ट प्रकारच्या गाठीत मात्र फायदा दिसला. कोलीच्या वेळचा प्रश्न इथेही उभाच राहिला: कोणाला लागू पडतं आणि कोणाला नाही?

आता आजच्या इम्युनोथेरपीकडे येऊ. आपल्या रक्तातल्या टी पेशी म्हणजे गस्तीवरचे जवान समजा. जवानाने आपल्याच माणसावर गोळी झाडू नये म्हणून 'थांब' असा एक संकेत ठरलेला असतो. कर्करोगाची पेशी हाच संकेत चोरते आणि नाक्यावरून बिनबोभाट निसटते. जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांनी हे संकेत ओळखले. ते अडवले तर जवान पुन्हा कामाला लागतो, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. इपिलिमुमॅब २०११ साली आणि निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब २०१४ साली अमेरिकेत मंजूर झाली.

आपल्याकडे या औषधांची अडचण किमतीची. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी त्यावर एक धाडसी प्रश्न विचारला: एवढा मोठा डोस लागतोच का? डोक्या-मानेच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांवर त्यांनी चाचणी केली. तंबाखूमुळे हा रोग आपल्याकडे किती आहे, हे मी सांगायला नको. तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला निम्म्या रोग्यांना दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दिलं. नेहमीचा डोस याच्या दहापटीहून अधिक असतो. नुसत्या गोळ्यांवर असलेल्यांपैकी वर्षअखेर सुमारे १६ टक्के हयात होते. निवोलुमॅब मिळालेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के. निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले.

हा आकडा दिलासा देणारा आहे. पण त्याची दुसरी बाजूही पाहा. औषध मिळूनही निम्म्याहून अधिक माणसं वर्षभरात गेली. एकाच वॉर्डात, एकाच औषधावर, एकाची गाठ विरते आणि शेजारच्याची वाढत राहते. असं का होतं, याचा शोध घेताना शास्त्रज्ञ पुन्हा आतड्यापाशी आले.

२०१३ साली फ्रान्स आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी दाखवलं की उंदरांना प्रतिजैविकं, म्हणजे अँटिबायोटिक्स, देऊन आतड्यातले जंतू मारले तर कर्करोगावरचे काही उपचार दुबळे पडतात. २०१५ मध्ये शिकागोतल्या थॉमस गायेव्स्की यांच्या प्रयोगशाळेत आणखी एक गंमत लक्षात आली. एकाच जातीचे, पण दोन वेगळ्या पुरवठादारांकडून आणलेले उंदीर. एकांच्यात मेलॅनोमाची गाठ हळू वाढे, दुसऱ्यांच्यात झपाट्याने. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं की फरक नाहीसा होई. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यातून जंतूंची देवाणघेवाण झाली होती. त्याच वेळी पॅरिसजवळच्या गुस्ताव रूसी संस्थेत लॉरेन्स झिटव्होगेल यांचा गटही अशाच निष्कर्षावर आला.

जानेवारी २०१८ मध्ये माणसांवरचे तीन अभ्यास एकदमच प्रसिद्ध झाले. ह्यूस्टनच्या जेनिफर वार्गो यांच्या गटाला दिसलं की औषध लागू पडलेल्या मेलॅनोमाच्या रोग्यांच्या आतड्यात जंतूंचं वैविध्य जास्त होतं. फ्रेंच गटाने फुप्फुस, मूत्रपिंड आणि मूत्रमार्गाच्या कर्करोगाच्या २४९ रोग्यांची माहिती तपासली. उपचाराच्या आसपास प्रतिजैविकं घेतलेल्यांचं आयुष्य कमी भरलं. यात एक मेख आहे. प्रतिजैविकं मुळात जास्त आजारी माणसालाच द्यावी लागतात, त्यामुळे सगळा दोष औषधाचा म्हणता येत नाही. तरी इशारा लक्षात ठेवण्याजोगा आहे, विशेषतः आपल्या देशात. सर्दी झाली की कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून प्रतिजैविकाची पट्टी आणायची आणि दोन गोळ्या खाऊन उरलेली फ्रीजवर ठेवायची, ही आपली पद्धत.

मग आला जेवणाचा मुद्दा. डिसेंबर २०२१ मध्ये ह्यूस्टनच्याच गटाने मेलॅनोमाच्या १२८ रोग्यांच्या आहाराची नोंद प्रसिद्ध केली. दिवसाला किमान २० ग्रॅम तंतू, म्हणजे आपण ज्याला चोथा म्हणतो तो, ज्यांच्या पोटात जात होता, त्यांचा रोग जास्त काळ आटोक्यात राहिला. दर ५ ग्रॅम वाढीमागे रोग बळावण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला. सगळ्यात बरी स्थिती कोणाची? पुरेसे तंतू खाणाऱ्या आणि दुकानातल्या प्रोबायोटिकच्या गोळ्या न घेणाऱ्या रोग्यांची. उंदरांवर तपासलं तेव्हा अशा गोळ्यांनी उपचाराचा परिणाम कमीच झाला. १९०५ सालच्या पॅरिसकराला हे ऐकून धक्का बसला असता.

यामागची यंत्रणा साधी आहे. तंतू आपल्याला पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जंतू ते आंबवतात आणि ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. ती आतड्याच्या अस्तराला पोसतात आणि जवळच्या रोगप्रतिकारक पेशींवर परिणाम करतात. आतड्याभोवती अशा पेशींचा मोठा तळ असतो. तंतू ही त्या जंतूंची रसद. रसद तुटली की काही जाती उपाशी मरतात. बाहेरून गोळीतून एकाच जातीचे कोट्यवधी जंतू ओतले तर त्यांचीच गर्दी होते आणि पलटणीचं वैविध्य घटू शकतं.

इथे आपल्याला थांबून विचारलं पाहिजे: हे आतडं कोणाचं? वरचे बहुतेक अभ्यास अमेरिका-युरोपातले. आपल्या पोटातली पलटण वेगळी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने २०१६ साली दाखवलं की भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला हा वनस्पतिजन्य अन्नावर वाढणारा जंतू विशेष प्रमाणात असतो. २०१९ साली भोपाळ आणि केरळ इथल्या ११० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्हीकडचं जेवण वेगळं, तसे जंतूही वेगळे निघाले.

आमच्या एनसीआरमधलाच एक अभ्यास मला फार आवडतो. फरीदाबादच्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटचे डॉ. भवतोष दास आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली तो प्रसिद्ध केला. बल्लभगढ आणि लेह, दोन्हीकडची शहरी आणि खेड्यातली मिळून ८४ निरोगी माणसं त्यांनी तपासली. काही जंतू सगळ्यांत समान निघाले, पण जागा आणि राहणीमान बदललं तशी मांडणी बदललेली होती. फौजेतल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. मैदानातून साडेतीन हजार मीटरवर लेहला पोचलेल्या तुकडीचं पोट पहिले काही दिवस काय करतं, हे लंगरच्या हवालदारापासून कमांडिंग ऑफिसरपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं.

याचा अर्थ असा की ह्यूस्टनला 'चांगला' ठरलेला जंतू बल्लभगढला तितकाच कामाचा असेल, असं धरून चालता येत नाही. युरोपातही २०२२ साली अनेक देशांतल्या रोग्यांची माहिती एकत्र पाहिली, तेव्हा सगळीकडे लागू पडेल असा एकही जंतू सापडला नाही.

जंतूच बदलून टाकण्याचे प्रयोगही झाले आहेत. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू शुद्ध करून रोग्याच्या आतड्यात सोडतात. ऐकायला किळसवाणं, पण शास्त्र गंभीर आहे. २०२१ साली औषधाला दाद न देणाऱ्या मेलॅनोमाच्या रोग्यांवर हे करून पाहिलं. इस्रायलमध्ये दहापैकी तिघांना, पिट्सबर्गला पंधरापैकी सहांना फायदा झाला. आपल्या एम्समध्ये डॉ. विनीत आहुजा यांच्या गटाने हीच पद्धत मोठ्या आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारात वापरली. तो कर्करोग नव्हे. पण ६६ रोग्यांच्या या चाचणीत जंतूदाते खेड्यातले निवडले होते आणि जोडीला ठरवून दिलेला आहार होता. अशा उपचाराने सुमारे दोन तृतीयांश लोकांना आराम पडला, नेहमीच्या औषधांनी सुमारे एक तृतीयांश लोकांना. खेड्यातल्या माणसाचं पोट इथे औषधाचा साठा ठरलं.

धोकेही आहेत. २०१९ साली अमेरिकेत अशा उपचारातून औषधांना न जुमानणारे जंतू दोन रोग्यांत शिरले आणि त्यातला एक दगावला. तेव्हा हे घरी करण्याचं किंवा कुठल्याशा क्लिनिकमध्ये पैसे मोजून घेण्याचं काम नव्हे. चाचणीत, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

तर मग त्या फोनवरच्या प्रश्नाला काय सांगायचं? इतिहासाच्या आधाराने इतकं सांगता येतं.

एक, तंतूंसाठी परदेशी पावडर नको. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारी, बाजरी, नाचणी किंवा गव्हाच्या कणकेत दहा-अकरा ग्रॅम तंतू असतात. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तीनाहून कमी. दोन भाकऱ्या, उसळ, पालेभाजी आणि एक पेरू एवढ्यात वीस ग्रॅमची मजल जवळपास गाठता येते. आपल्या आजीच्या ताटात हे होतंच. पण म्हणून 'कर्करोगाचा इलाज आमच्याकडे आधीच होता' असं म्हणू नये. ताट चांगलं होतं, एवढंच खरं.

दोन, हा नियम प्रत्येक रोग्याला लागू नाही. आतड्यात अडथळा असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, इम्युनोथेरपीमुळेच जुलाब लागले असतील, तर चोथा त्रास देतो. पांढऱ्या पेशी घटल्या असतील तर कच्चं खाणं धोक्याचं. आणि वजन उतरत चाललेल्या माणसाला नुसती काकडी-गाजरं देऊन उपाशी ठेवणं हे तर फार वाईट. त्याला आधी पोटभर जेवण हवं, प्रथिनं हवीत.

तीन, प्रोबायोटिक आणि प्रतिजैविक, दोन्ही आपल्या मनाने नकोत. मात्र डॉक्टरांनी संसर्गासाठी प्रतिजैविक दिलं तर ते 'जंतू मरतील' या भीतीने टाळूही नका. संसर्गाने जीव जातो. वाटीभर घरचं दही ही रोजच्या जेवणातली गोष्ट आहे. गोळी ही वेगळी.

चार, उपचार चालू असताना एक वही ठेवा. रोज काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, शौचाला कसं झालं, वजन किती. तपासणीला जाताना ती डॉक्टरांपुढे ठेवा. फौजेत रोजचा अहवाल असतो, तसाच.

मेचनिकोव्हला दह्यात अमरत्व दिसलं, कोलीला तापात. दोघांच्याही हाती सत्याचा एक तुकडा लागला होता, पूर्ण सत्य नव्हे. आज आपल्या हाती त्याहून मोठा तुकडा आहे, पण अजूनही तुकडाच. लढाई औषधाने आणि डॉक्टरांनी लढायची आहे. स्वयंपाकघराने रसद चालू ठेवायची. रसदीने एकट्याने लढाई जिंकता येत नाही, पण ती तुटली तर चांगली पलटणही हरते.

प्रश्न असतील तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.